दहा वाजताची गोळी

बाबांना डोळे दोन होते, पण कामाचा एकच. डावा डोळा काचबिंदूने फार पूर्वी नेला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. आमच्या घरी देवाने दिलेल्या दोनांपैकी एक परत नेला आणि दुसऱ्यावरही त्याची नजर आहे, असं मला सारखं वाटायचं. बाबांना मात्र तसं काही वाटत नसे. त्या एका उजव्या डोळ्यावर ते रोज सकाळी अख्खं वर्तमानपत्र वाचत, अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता असतो तोसुद्धा. अमरावतीच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. बारीक अक्षरात काय लपवलंय हे पाहिल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे.

मी अकोल्याला शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, त्यावर नातेवाइकांनी पुरेशी चर्चा केलेली आहे. आई गेल्यावर मी अकोल्यात घर घेतलं ते बाबांना डोळ्यांसमोर ठेवूनच. दोन खोल्या हव्या होत्या तर तीन घेतल्या. तिसरी खोली पूर्वेची, सकाळचा उजेड थेट खुर्चीवर पडेल अशी. खुर्चीला हात असलेली हवी म्हणून तीन दुकानं फिरले. शेजारी एक दिवा, पेपर ठेवायला एक बुटकं टेबल. खोली तयार झाली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. त्या खुर्चीत अजून कोणी नीट बसलेलं नाही. पाहुणे आले की मी त्यांना बाहेरच बसवते.

"अकोल्याले काय हाये? ऊन," असं म्हणून बाबा विषय संपवायचे. जणू अमरावतीत बर्फ पडतो. मी फारच मागे लागले तेव्हा एकदा त्यांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं, "हे पाय, हा डोळा गेला तं येतो. वाचता येते तोवर मी माह्या घरी."

मी हसले. पण ती अट माझ्या मनात जाऊन बसली, आणि पुढे तिने मला जे दाखवलं ते मी अजून विसरलेले नाही.

बाबांच्या घराला लागून, एकाच भिंतीपलीकडे, एका शिंप्याचं घर आणि पुढे त्याचं दुकान. बाबांनी वकिलीत जेवढे काळे कोट घातले ते सगळे त्यांनीच शिवले. बाबा त्यांना मास्टर म्हणत, ते बाबांना वकीलसाहेब, आणि मी लहानपणापासून त्यांना चाचा म्हणत आले. त्यांची बायको आईच्या मागोमाग दोन वर्षांनी गेली. मुलं नागपूरला. दुकानात आता शिलाई कमी, बसणंच जास्त. तरी उजव्या हाताच्या बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती लोखंडी टोपी, त्यांच्या बोटातून कधी निघत नसे.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून मी नुकती अकोल्याला परतले होते, तर त्यांचाच फोन आला.

"बेटी, वकीलसाहेब पेपर घेऊन बसतात, पण पान पलटत नाईत. अर्धा घंटा झाला, एकच पान. मी दुकानातून पाहून राहिलो."

मी बाबांना फोन लावला. म्हणाले, काही नाही, डोळे आले आहेत, मेडिकलवाल्याने थेंब आणि कॅप्सूल दिल्यात, तीन दिवस झाले घेऊन. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत बाबांवर चिडले, बडनेऱ्यापर्यंत त्या मेडिकलवाल्यावर, आणि अमरावती स्टँडवर उतरले तेव्हा स्वतःवर. डोळा लालबुंद होता आणि उजेडाकडे बघवत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळ्या दिव्यात पाहिलं. मग म्हणाल्या की बुबुळावर जखम आहे, झाडाच्या वाळक्या फांदीसारखी, फाटे फुटलेली. ताप आल्यावर ओठावर फोड उठतात ना, तोच विषाणू. आणि बाजूला एक जुना पांढरा डाग आहे, म्हणजे हे पूर्वीही एकदा होऊन गेलंय.

"मग त्या कॅप्सूल?" मी विचारलं.

"त्या जिवाणूंच्या. हा विषाणू आहे. तीन दिवस आपण दुसऱ्याच्याच कुलपात किल्ली फिरवत होतो."

आधी त्यांनी मलम लिहून दिलं, डोळ्यात घालायचं. बाबांचे हात थरथरत. तिथेच घालून दाखवा म्हटल्यावर पहिल्यांदा ते भुवईवर गेलं, दुसऱ्यांदा गालावर. घरी घालून द्यायला कोण आहे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे आणि मी जमिनीकडे पाहिलं. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे होते, माझ्या साठलेल्या रजा आईच्या आजारपणातच संपल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, राहू द्या, आपण पोटातूनच देऊ. विषाणूवरची गोळी, दिवसातून पाच वेळा. सारख्या अंतराने घ्यायची. आणि पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर मूत्रपिंडाला त्रास होतो.

"डोळा दुखते अन गोळी पोटात?" बाबांनी उलटतपासणी सुरू केली.

"आजोबा, रक्त डोळ्यापर्यंत जातंच की."

"म्हणजे समन्स पोस्टानं पाठवून राहिल्या तुमी."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी फक्त विचारलं, डोळा राहील ना? त्या म्हणाल्या, लवकर आवरलं तर राहील. नाहीतर मधोमध डाग पडेल, आणि मग वाचता येणार नाही.

दोन दिवस राहिले, गोळ्या हातात दिल्या, आणि परत गेले. त्यानंतर फोन. सकाळी सहाला, शाळेच्या मधल्या सुट्टीत, दुपारी, संध्याकाळी. पहिल्याच दिवशी तिसऱ्या फोनला बाबा भडकले.

"मी काय लहान पोरगा हाये काय व? माह्या गोळ्यांचा बंदोबस्त मी केला. तू आता फोन नको करू."

बंदोबस्त असा होता. दिवसातून पाच वेळा म्हणजे पाच वेळा. आणि दिवसातून पाच वेळा, न चुकता, बाबांच्या भिंतीपलीकडचा माणूस अजान ऐकून नमाजाला उठत होता. घड्याळाचे बारीक काटे तर आता दिसत नव्हतेच. मग ठरलं. मशिदीत जाता जाता चाचांनी खिडकीच्या गजावर अंगुस्तानाने टकटक करायची, "वकीलसाहेब, दवा!" असं म्हणायचं, आणि बाबांनी गोळी घ्यायची. फोन नाही, गजर नाही. बाबांना या व्यवस्थेचा इतका अभिमान की त्यांनी मला ती दोनदा समजावून सांगितली.

मलाही सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू. मी निवांत पेपर तपासायला बसले. मी मुलांना गणित शिकवते, आणि पाच अजानींमधलं अंतर किती, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशी मी पुन्हा आले आणि आम्ही दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा निळा दिवा लावला. जखम वाढली नव्हती, पण भरतही नव्हती. त्यांनी विचारलं, गोळ्या कधी कधी घेता? बाबांनी छाती फुगवून सांगितलं. त्या आधी हसल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि वेळा लिहायला लागल्या, आणि हसू गेलं.

ते थंडीचे दिवस. पहाटेची अजान साडेपाचच्या सुमारास. दुसरी नमाज दीडला. म्हणजे मधे आठ तास काही नाही. मग साडेचार, मग दिवस मावळताना पावणेसहा, मग साडेसात. तीन तासांत तीन गोळ्या! आणि तिथून पहाटेपर्यंत दहा तास डोळ्याला वाली नाही. शिवाय रात्री सारखं उठावं लागू नये म्हणून बाबा संध्याकाळी पाणी कमी पीत. म्हणजे जेव्हा पाणी प्यायचं तेव्हाच नेमकं पाणी नाही. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं.

"मी सांगितलं होतं सारख्या अंतराने," त्या म्हणाल्या.

"कागदावर दाखवा," बाबा म्हणाले. "तोंडी हुकूम, हुकूम नसते."

कागदावर खरंच नव्हतं; ते त्यांनी आता लिहून दिलं, चार चार तासांनी. पण कोणाचं बरोबर होतं याने आता काय फरक पडणार होता. "अजून एक आठवडा बघू," डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "थोडं धूसर राहण्याची शक्यता आहे." बाहेर बाकावर बाबा डोळ्यावर रुमाल धरून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहत उभी होते, आणि माझ्या मनात आलं, खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा त्यांना द्यावा, म्हणजे हात उंचावून शोधायला नको. नाही, वरचा. खालचं त्यांना दिसणार नाही.

मी चक्क कप्पे वाटत होते. बापाचा डोळा जायला निघालेला आणि मी त्याचे सदरे अकोल्याच्या कपाटात लावत होते. त्याहून वाईट म्हणजे मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. शाळेतून आल्यावर घरात कोणीतरी असेल. कुलूप उघडावं लागणार नाही, दार उघडंच असेल. पेपर मी वाचून दाखवीन, ते मधेच माझे उच्चार सुधारतील, मी चिडेन. मला हे इतकं हवं होतं की त्याची किंमत कोण देणार हे मी बघायलाच तयार नव्हते. भानावर आले तेव्हा स्वतःची किळस आली. आणि माणूस स्वतःवरचा राग कधी स्वतःवर काढत नाही.

तो मी चाचांवर काढला. घरी पोचलो तर ते दुकानाच्या पायरीवर वाटच पाहत होते. "का म्हणे डॉक्टर?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?" मी भर गल्लीत म्हणाले. "डोळा जाईल आता त्यांचा. दवा, दवा करत फिरायला फार हौस होती ना?"

चाचा पायरीवरून उठून उभे राहिले. बाबा मात्र ओरडले, "चूप! माह्या घरासमोर माह्या मास्टरले बोलते?" माझ्या आयुष्यात बाबा माझ्यावर एवढे कधी ओरडले नव्हते. मी आत गेले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. संध्याकाळ गेली तरी खिडकीवर टकटक झाली नाही. गोळ्या मी दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पाण्याचा पेला घेऊन उठतच होते, तर गजावर अंगुस्तान वाजलं. टक, टक, टक.

"वकीलसाहेब, दवा! अन पानी पुरा गिलास!"

सकाळी दहाला कोणती अजान नसते. मी बाहेर येऊन पाहिलं. चाचांनी दुकानाच्या भिंतीवर, कापडावर रेघा मारतात त्या निळ्या खडूने, मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलं होतं: सहा, दहा, दोन, सहा, दहा. बाबांनी त्यांना वेळा सांगितल्या असणार. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही माफी मागितली नाही. घशापर्यंत आलेली गिळून टाकण्यात मी आईवर गेले आहे. त्या दुपारी मी चहा केला तेव्हा त्यांच्यासाठीही केला, आणि पेला दुकानाच्या पायरीवर ठेवून आले. तो रिकामा होऊन, धुऊन परत आला.

रक्ताचा अहवाल चांगला आला. आणि पुढच्या आठवड्याभरात डोळाही सुधारत गेला. निळ्या दिव्यात ती फांदी आधी बारीक झाली, मग तुटक, मग नाहीशी. नवा डाग पडला, पण कडेला. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर बाबांनी शेवटची ओळ वाचून वर विचारलं, "खाली छापखान्याचं नाव नाई लिहिलं?"

मला रडू आलं. आनंदाचंच होतं. पण सगळं नाही.

एकच डोळा, आणि दुखणं दुसऱ्यांदा झालेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी वर्षभर तीच गोळी दिवसातून दोनदा चालू ठेवली. सकाळी दहा, रात्री दहा. रात्रीची बाबा झोपताना घेत. सकाळची चाचांच्या टकटकीवर. मी रविवारी जायचे, पेपरातलं बारीकसारीक वाचून दाखवलेलं ऐकायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. अकोल्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. अट त्यांची होती आणि ते जिंकले होते. मी फक्त त्या खोलीतली धूळ झटकत राहिले.

बाबा मागच्या वर्षी गेले, पावसाळा सरता सरता. दुपारी, खुर्चीत, पेपर मांडीवर. डोळा शेवटपर्यंत चांगला होता. तेरवी झाली, नातेवाईक आपापल्या गावी गेले, आणि घर आवरून कुलूप लावायला मी एकटी मागे राहिले. सकाळी पेपर आला तेव्हा बंद करायचं सांगायला हवं होतं. मी तो उचलून टेबलावर ठेवला. बाबांचे सदरे घड्या करत बसले. आता ते कुठल्याच कप्प्यात लावायचे नव्हते.

तेवढ्यात गजावर अंगुस्तान वाजलं. टक, टक, टक.

मी खिडकी उघडली. चाचा उभे होते. मला पाहून त्यांनी हात पटकन मागे घेतला, चोरी सापडल्यासारखा.

"आदत हाये बेटी. दहा वाजले, अन हात आपोआपच..."

"पण गोळ्या तर केव्हाच्या बंद झाल्या होत्या."

"गोळ्या बंद झाल्या. दहा वाजनं थोडीच बंद होते?"

मग त्यांनी सांगितलं. गोळ्या संपल्यावरही ते रोज दहाला यायचे. बाबा चहा ठेवायचे. चाचांचं शिक्षण उर्दूतलं, मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. म्हणून बाबा त्यांना पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. मी मनात अकोल्याची ती पूर्वेची खोली पाहत होते. तोच उजेड, तीच खुर्ची, तोच पेपर. फक्त ऐकणारं माणूस वेगळं.

चाचा जायला वळले आणि पुन्हा थांबले. गज धरून म्हणाले, "एक बात सांगतो, नाराज व्हायचं तं हो. उन्हाळ्यात वकीलसाहेबांनी थैली भरली होती. म्हने, मास्टर, पोरगी एकटी हाये, डोळा चांगला हाये तोवरच गेलो पायजे, मंग ओझं होऊन काय जाऊ? जातो अकोल्याले." त्यांनी गजावरचा हात काढला. "मी म्हटलं, साहेब, तुमी गेले तं मले पेपर कोन वाचून दाखवन? एवढंच म्हटलं. ते खाली बसले. थैली रिकामी केली. मीच रोकलं बेटी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. थैली भरली होती! म्हणजे एक दिवस, एक अख्खा दिवस, बाबा माझ्याकडे यायला निघाले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी मी काय करत होते? बहुतेक कुलूप उघडत होते. तोंडाशी खूप काही आलं, मागच्या वेळेपेक्षा जहरी. आणि त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटातलं अंगुस्तान ते गोल गोल फिरवत होते.

"चाचा," मी म्हणाले, "तुम्ही नुसतं थांबवलं. मी तर त्यांचा डोळा जावा असं मनात आणलं होतं. गेला असता तर ते माझ्याकडे आले असते."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही.

"कपडा एकच होता बेटी," ते म्हणाले, "अन गिऱ्हाईक दोन."

मला बाबांची इतकी आठवण आली की गज सोडवेना. खिडकीतून पलीकडे दिसणाऱ्या दुकानाच्या पांढऱ्या चुन्यावर खडूचे आकडे अजून होते. बाकीचे पुसट झालेले. दहा मात्र कोणीतरी वेळोवेळी गिरवलेला.

"केव्हा जातेस?" चाचांनी विचारलं.

"परवा."

"मंग उद्या दहाले येतो," ते म्हणाले. "पेपर बंद करू नको."